आठ युरोच्या आतली स्पॅनिश रेड: यावेळी गार्नाचाने बाजी मारली

माद्रिदच्या आमच्या टोळीच्या स्वस्त वाइनच्या ब्लाइंड टेस्टिंगचा (लेबल न बघता चाखण्याचा) पुढचा अपडेट. नियम तेच, बाटली आठ युरोच्या आत, सगळ्या बाटल्या मोज्यात घालून वर नंबर, आणि मार्क लिहून होईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही (हा नियम खास आमच्या नागपूरकरासाठी, तो पहिल्याच घोटाला "रिओखा!" म्हणून ओरडतो आणि मग सगळ्यांनाच ती रिओखा वाटायला लागते).

यावेळी पाच भागांतल्या पाच घेतल्या होत्या: रिओखाची क्रियांथा (ओकच्या पिंपात मुरवलेली), रिबेरा देल दुएरोची रोब्ले (ओकमध्ये थोडाच वेळ ठेवलेली), कालातायुदची गार्नाचा, खुमियाची मोनास्त्रेल आणि बिएर्थोची मेन्थिया, शेवटची तिन्ही नावं द्राक्षांची. पहिल्या दोन्हींत द्राक्ष एकच, तेम्प्रानियो, रिबेरात त्यालाच तिंतो फिनो म्हणतात.

गार्नाचा पहिली आली आणि तीही आरामात. रिओखा मात्र पार खाली, शेवटून दुसरी! मोजा काढल्यावर दोघांनी चक्क मागचं लेबल तपासलं, लाल शिक्का आहे का, म्हणजे खरंच क्रियांथा आहे का. होती की. पण हिशोब बघा ना, रिओखात क्रियांथा म्हणायचं तर नियमाने किमान दोन वर्षं थांबायचं, त्यातलं किमान एक वर्ष २२५ लिटरच्या ओक बॅरलमध्ये, आता बॅरल फुकट येत नाही आणि दोन वर्षं जागा अडवायचीही किंमत असतेच, मग सहा युरोत बाटली द्यायची तर कुठेतरी हात आखडणारच. आमच्या बाटलीत अमेरिकन ओकचा व्हॅनिला आणि खोबरं भरपूर होतं, फळ कुठेतरी मागे दडून बसलेलं. दहा-बारा युरोची चांगली क्रियांथा मला खूप आवडते, पण या बजेटमध्ये मी तरी ओकच्या मागे लागणार नाही.

गार्नाचाला बॅरल लागलेलंच नव्हतं. कालातायुदच्या मळ्यांपैकी काही जवळजवळ हजार मीटर उंचीवर आहेत, दिवसा रणरणतं ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे साखर भरपूर तयार होऊनही आंबटपणा टिकतो. लेबलवर साडेचौदा टक्के अल्कोहोल, तरी पिताना स्ट्रॉबेरी आणि थोडी मिरी एवढंच जाणवत होतं. मात्र बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढली होती हे महत्त्वाचं. नंतर तीच वाइन एका ग्लासात ओतून टेबलावर तशीच राहू दिली, खोलीत अठ्ठावीस डिग्री, थोड्या वेळाने नाक घातलं तर नुसती स्पिरिटची झणझण, फळ गायब. "रेड वाइन रूम टेंपरेचरला" हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या खोल्या थंड असणार, माद्रिदच्या उन्हाळ्यात ते चालत नाही.

मोनास्त्रेल उघडल्यावर काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला, निम्म्या लोकांनी तोंडं वाकडी केली. ती पाण्याच्या काचेच्या जगमध्ये ओतून तासभर ठेवली, मग काळ्या मनुका, सुकं अंजीर, एकदम दुसरीच वाइन. पण मार्क आधीच पडले होते त्यामुळे ती शेवटचीच राहिली, माझ्या मते तिच्यावर अन्याय झाला. खुमियात फायलोक्सेरा ही वेलींची मुळं खाणारी कीड (हिच्यामुळेच बहुतेक ठिकाणी वेली दुसऱ्या मुळांवर कलम करतात) फार उशिरा पोचली, १९८० च्या दशकाच्या शेवटी, बऱ्याच बागा गेल्या पण वाळूच्या जमिनीत कलम न केलेल्या जुन्या वेली अजून काही ठिकाणी आहेत, त्यामुळे या भागाबद्दल मला उगाच माया आहे.

रिबेराबद्दल विशेष काही नाही, ठीक होती, जरा तुरट.

मेन्थियावर दोन तट पडले. काहींना पाणचट वाटली, मला तिचा चेरीचा वास आणि हलकेपणा आवडला. आणि खाण्याच्या राउंडला तीच पुढे गेली, कारण मांचेगो चीज, चोरिथो सॉसेजबरोबर आमच्या कोल्हापूरच्या वहिनींनी मुद्दाम घरचं भडंग ठेवलं होतं. तिखट तोंडात असताना टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) आणि अल्कोहोल दोन्ही दुप्पट टोचतात, रिबेरा तर कडूच लागायला लागली, गार्नाचाही घशात पेटली, मेन्थिया तेवढी निवांत. वहिनी म्हणाल्या, "भडंगाला काही झालेलं नाही, तुमच्या वाइनलाच झेपत नाही."

पुढच्या वेळी उतिएल-रेकेनाची बोबाल (हेही द्राक्षच) नक्की, मोनास्त्रेल परत पण आधीच जगमध्ये ओतून. ग्रेदोसच्या डोंगरातली गार्नाचा पण घ्यायची आहे, इथून जवळच आहे, पण आठ युरोत चांगली मिळत नाहीये, तेव्हा लिमिट बारावर न्यायचं का यावर सध्या भांडण चालू आहे. नागपूरकराचा ठाम विरोध आहे.