मे महिन्यातलं शिबिर

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. क्लबातल्या माणसांचा उत्साहही साधारण याच हिशोबाने चढतो-उतरतो. जुलैत नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि दिवाळीच्या आत वृक्षारोपण, वह्यावाटप, नेत्रतपासणी असं सगळं दणक्यात उरकतं. मे उजाडेपर्यंत अध्यक्ष थकलेले असतात, खजिनदार प्रत्येक बिलाकडे संशयाने बघत असतात आणि निम्मा क्लब पुढच्या अध्यक्षांच्या पदग्रहणाचा मेनू ठरवत असतो. अशा महिन्यात रक्तदान शिबिर घ्यावं, असा विषय मी बोर्ड मीटिंगमध्ये मांडला. दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. माझं औषधांचं दुकान आहे. क्लबात मी आधी काही वर्षं नवऱ्याची बायको म्हणून, म्हणजे 'ॲन' म्हणून जात होते. पुढे स्वतः सभासद झाले, पण सगळे अजून वहिनीच म्हणतात. रोटेरियन अमुक-तमुक फक्त बॅनरवर असतं.

मे महिन्याचं खूळ डोक्यात घातलं ते रक्तपेढीच्या डॉक्टरांनी. आमचं नेहमीचं शिबिर २३ फेब्रुवारीला, रोटरीच्या वर्धापनदिनी असतं. १९०५ साली त्या तारखेला शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र पहिल्यांदा एकत्र बसले, म्हणून. दोनशेच्या वर बाटल्या होतात, फोटो चांगले येतात. त्या फोटोंचं कौतुक मी करत होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची शिबिरं, २३ ला तुमचं, मध्ये एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. आठवड्यात माझे फ्रीज भरतात. हे रक्त मेपर्यंत टिकत नाही हो."

मी औषधं विकते, एक्स्पायरी बघणं हा माझा धंदा, तरी रक्ताचा हिशोब कधी असा मांडला नव्हता. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या काढून त्यांना टिकवणारं द्रावण घातलं तर ४२ दिवस. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे आमच्या वर्धापनदिनाचं रक्त एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापलीकडे जात नाही. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, एनएसएसची पोरं गावाला, उन्हामुळे शिबिरं नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या केमोच्या पेशंटला प्लेटलेट्स लागतात, त्यालाही उन्हाळ्याची सुट्टी नसते. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं, की मे अखेरीला साठ-सत्तर दाते आणा, दोनशे नकोत.

बोर्डात हे पटवणं सर्वांत अवघड गेलं. ऊन, लग्नसराई, शिल्लक नाही, ही कारणं सगळ्यांनी उघड सांगितली. खरं कारण चहाच्या वेळी कळलं. साठचा आकडा डिस्ट्रिक्टला, म्हणजे आमच्या वरच्या रोटरी विभागाला, कळवायचा कसा? शेजारच्या क्लबाने तीनशे केले होते! शेवटी आमचे एक जुने सभासद, किराणा-भुसारवाले, म्हणाले, "अहो, आषाढात आंबा आणि माघात ताक विकून चालतं का? गिऱ्हाईक येतं तेव्हा माल पाहिजे." व्यापाऱ्यांच्या क्लबात याच्यापुढे कोणाचं काय चालणार. ठराव मंजूर झाला आणि प्रथेप्रमाणे ज्याने विषय मांडला त्याच्याच गळ्यात प्रकल्पप्रमुखपद पडलं.

तारीख ठरवताना मात्र गंमत झाली. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवस थांबावं लागतं, बायकांना १२० दिवस. आमचे नेहमीचे दाते २३ फेब्रुवारीला देऊन बसलेले, म्हणजे त्यांची सुटका २४ मेला. त्याआधीचे सगळे रविवार बाद. उरला मेचा शेवटचा रविवार, आणि त्या दिवशी दाट तिथी असती तर माणूस मिळाला नसता. मे महिन्यात आमच्याकडे एका माणसाला दिवसाला तीन-तीन लग्नांत अक्षता टाकाव्या लागतात. पंचांग उघडलं, तर त्या रविवारी मुहूर्तच नव्हता. मुहूर्त नाही म्हणजे मंगल कार्यालय रिकामं, आणि कार्यालय आमच्याच एका सभासदाचं. कूलर, जनरेटर, गाद्या, सगळं एका फोनवर मिळालं. भाडं तर नाहीच, वर त्यांनी आचारी दिला. रक्तपेढीशी पत्रव्यवहार, फॉर्म, पोलिस ठाण्याला कळवणं ही कामं सेक्रेटरींनी केली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग भेटवस्तूचा वाद. हल्ली शिबिर म्हटलं की बॅग, टिफिन, हेल्मेट असलं काहीतरी हवंच, अशी समजूत झाली आहे. एका सभासदाने स्टीलच्या डब्यांचा भावसुद्धा काढून आणला. मी नको म्हटलं आणि डॉक्टरांनी मला पाठिंबा दिला. पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते आपल्याकडे एकेकाळी सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिल्यावर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. वस्तूच्या आशेने आलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीलच असं नाही, ही डॉक्टरांची खरी भीती. पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांची तपासणी होते, पण नुकताच झालेला संसर्ग तपासणीतून निसटू शकतो. तिथे दात्याचा खरेपणाच कामाला येतो. डबे रद्द झाले. (डब्यांवर क्लबाचं नाव कोरायचं राहिलं, याची हळहळ काहींना अजून आहे.)

आता दाते आणायचे कुठून? आणि इथे मला आमच्या 'फेलोशिप'चा उपयोग झाला. क्लबात मीटिंगनंतरच्या जेवणखाणाला फेलोशिप म्हणतात आणि बाहेरचे लोक त्यावरून आम्हाला हसतात. हे नुसते खायला जमतात, असं. जानेवारीत एका सभासदाच्या शेतावर हुरडा पार्टी झाली होती. आगटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही, आणि पोरांनी गाण्याच्या भेंड्या लावलेल्या. तिथे कोणाचा भाऊ एसटीत आहे, कोणाच्या गाळ्यावर किती हमाल आहेत, कोणाची पोरं पुण्याहून मेमध्ये जत्रेला येतात, हे सगळं आपोआप कानावर पडलं होतं. बोर्डाच्या कोणत्याही फायलीत ही माहिती नाही. मंगळवारच्या मीटिंगला मी सभासदांच्या जोड्या लावल्या आणि जोडीला पाच-पाच दाते वाटून दिले. भांडणारे दोघे मुद्दाम एका जोडीत टाकले. एकमेकांवर मात करायला त्यांनी नऊ आणले.

शिबिर सकाळी सातला सुरू केलं, कारण अकरानंतर आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही नसतं. दात्यांना आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं, उपाशी येऊ नका, पाणी भरपूर प्या. बाजार समितीला रविवारी सुट्टी, त्यामुळे हमालांचा घोळका सगळ्यांच्या आधी दारात हजर. त्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं. "ताई, उद्या पोती उचलायला जमंल न्हवं?" डॉक्टरांनी सांगितलं, आजचा दिवस जड उचलू नका, पाणी प्या, उद्या कामावर जा. तो झोपला, ३५० मिलीची पिशवी भरेपर्यंत छताकडे बघत राहिला आणि उठल्यावर चार मित्रांना फोन लावून बोलावून घेतलं. एसटीचे फक्त साप्ताहिक सुट्टीवरचे चालक बोलावले होते, ड्यूटीवर जाणाऱ्याचं रक्त घेऊ नये म्हणून. पुण्याहून आलेल्या पोरांपैकी तिघांनी नव्याने टॅटू काढले होते, ते वर्षभरासाठी बाद. एकाच्या दंडावर आईचं नाव होतं. आई शेजारीच उभी, तिला कौतुक वाटावं की राग यावा ते कळेना.

बायकांच्या टेबलावर वेगळंच चित्र होतं. फेब्रुवारीत दिलेल्या बायकांचे १२० दिवस भरले नव्हते, म्हणून इनरव्हीलच्या, म्हणजे रोटरीशी जोडलेल्या बायकांच्या क्लबातल्या, मैत्रिणींनी नव्या बायका गोळा केल्या होत्या. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आमच्याच घरातल्या सुना. बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगत राहिला तर रक्त घेत नाहीत. एकीमागून एक थेंब तरंगत राहिले. निम्म्याहून जास्त बायका परत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि ओळखीच्या शिक्षिकेने "मला काही होत नाही हो, मी रोज दोन मजले चढते, परत बघा" म्हणणं वेगळं. परत बघितलं. थेंब पुन्हा वरच.

आमच्या क्लबातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई खरं तर उद्घाटनापुरत्या आल्या होत्या. हे बघून त्यांनी पर्स खुर्चीवर टाकली, जेवणाच्या पंगतीतलं एक टेबल ओढलं आणि परत चाललेल्या बायकांना बसवून घेतलं. पाळीत जास्त जातं का, शेवटचं जंताचं औषध कधी घेतलं, जेवणानंतर लगेच चहा पिता का, असे प्रश्न. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे ऐकून दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. ज्यांना गरज होती त्यांना पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली. दुपारपर्यंत रक्तदानापेक्षा त्या टेबलापुढची रांग मोठी झाली. माझ्या मते शिबिराचं खरं काम तिथे झालं, आणि ते आमच्या नियोजनात कुठेही नव्हतं. इनरव्हीलने आता त्या बायकांची यादी हातात घेतली आहे. तीन महिन्यांनी सगळ्यांचं हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं असं ठरलंय.

बाटल्या झाल्या सत्तरच्या आत-बाहेर. डॉक्टर खूश, गाडी साडेबाराला पिशव्यांच्या पेट्या भरून निघाली. प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या तर पिशव्या काही तासांत लॅबला पोचाव्या लागतात, म्हणून जेवायलासुद्धा थांबले नाहीत. आचाऱ्याने केलेली कडक भाकरी आणि आमटी आम्हीच संपवली.

पुढच्या मंगळवारी मीटिंगमध्ये सार्जंटने, म्हणजे शिस्त बघणाऱ्या सभासदाने, गमतीच्या दंडाची पेटी फिरवली. पाचपेक्षा कमी दाते आणणाऱ्यांना दंड, नऊ आणणाऱ्यांना 'शेखी मिरवल्याबद्दल' दंड, आणि मला अहवाल लांबवल्याबद्दल सर्वांत जास्त. खजिनदारांनी पहिल्यांदा हसून पैसे मोजले. त्यातूनच हिमोग्लोबिनच्या फेरतपासणीचा खर्च निघणार आहे.

येणाऱ्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षीही मे अखेरीचं शिबिर करायचं कबूल केलंय. मी लगेच पंचांग घेऊन त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी शेवटच्या रविवारवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, हा सोडून बोला. माझ्या साडूच्या मुलीचं लग्न आहे, आणि कार्यालय तेच घेतलंय." तेव्हापासून त्यांना पटवतेय, की वऱ्हाडालाच रक्तदानाला बसवू.