मांडीवरचं पोर आणि मागची सीट

खंबाटकी घाट चढताना पुढच्या कंटेनरनं एकदम ब्रेक मारला, मग नवऱ्यानं पण मारला, गाडी थांबली, धडक नाही काही नाही, स्पीड असेल जेमतेम तीस-पस्तीस. मी पुढे बेल्ट लावून बसलेले, छातीला एक हिसका बसला एवढंच. मागे वळून बघितलं तर सासूबाईंच्या मांडीवर बसलेली चिऊ तिथे नव्हतीच. ती खाली पडलेली, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून त्यांच्या पायांत, चिवड्याचा डबा एकीकडे आणि ती एकीकडे. दोन सेकंद आवाजच नाही आला तिचा. मग जो भोंगा सुरू झाला तो ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा रडण्याचा आनंद झाला.

कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. साताऱ्याला थांबून डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून सोडलं. पण पुढे कोल्हापूरपर्यंत सासूबाई एकच वाक्य बोलत होत्या, "मी धरलं होतं की गं घट्ट, दोन्ही हातांनी धरलं होतं." आणि खरंच धरलं होतं. हे मला लिहायचंय कारण लोकांना वाटतं की आजी डुलकी घेत असणार, नाहीतर मोबाईल बघत असणार. अजिबात नाही. त्यांचे दोन्ही हात चिऊच्या पोटाभोवती होते, मी पाच मिनिटं आधीच वळून बघितलेलं. चिऊ तेव्हा अकरा महिन्यांची होती, वजन साडेआठ किलो.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी शाळेतलं फिजिक्स काढून बसले. पन्नासच्या स्पीडची गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरलं तर दहा किलोचं पोर धरून ठेवायला जवळजवळ १४० किलो उचलण्याएवढा जोर लागतो. तोही न सांगता, अचानक, आणि ज्या बाईनं ते धरलंय तीच त्या क्षणी पुढे फेकली जात असताना. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आणून बसवला तरी जमायचं नाही हे, तिथे संधिवात असलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईनं काय करायचं. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर पन्नासच्या स्पीडनं आपटणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ऐंशी म्हणजे आठवा मजला. गच्चीच्या कठड्याजवळ पोर गेलं की आपण ओरडत धावतो आणि तेच पोर ऐंशीच्या स्पीडला दोन सीटच्या मधे उभं असतं, आपण त्याला वेफर्स देतो!

आणि मागच्या सीटवर काय होतंय, हा जो आपल्या सगळ्यांचा समज आहे ना, त्याचं मला खरंच नवल वाटतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा आठ दिवस सगळीकडे हीच चर्चा होती. कोट्यवधीची मजबूत गाडी, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले, मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्या वेळी आमच्या सोसायटीत मागे बसणारेसुद्धा बेल्ट शोधायला लागले होते. नोव्हेंबरपासून मुंबईत पोलिसांनी मागच्यांनाही सक्ती केली. नंतर गणपती आले गेले, दिवाळी आली गेली, बेल्ट परत सीटच्या फटीत गेले. त्याच २०२२ सालचा केंद्र सरकारचा रिपोर्ट आहे, बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली आणि त्यातली ८,३३१ ही ड्रायव्हर नव्हती, नुसती बसलेली होती. म्हणजे निम्मी!

कायदा तर कधीचाच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली त्यात कलम १९४ब आलं, बेल्ट नाही तर हजार रुपये, आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तरी हजार रुपये. हे दुसरं कितीजणांना माहितीये? मला नव्हतं. आता एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसलेत त्यामुळे पुढच्या दोघांचे बेल्ट तरी टोलनाका आला की पटकन लागतात, पण चाइल्ड सीट नाही म्हणून कुणाची पावती फाटलेली मी आजपर्यंत ऐकली नाही. उलट बाप गाडी चालवतोय आणि पोर त्याच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरून हॉर्न वाजवतंय, आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला, खाली वीस बदाम. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते हो, आणि ती उघडते मोठ्या माणसाच्या छातीसाठी. मधे पोर असलं तर ती पोरावरच उघडणार ना. एवढ्यासाठीच, पाठमोरी चाइल्ड सीट, म्हणजे जिच्यात पोराचं तोंड मागच्या काचेकडे असतं ती, एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच लावायची नसते, कितीही वाटलं की जवळ असलं तर बरं.

असो. तर सीट घ्यायची ठरली. दोन दिवस नुसती वाचत होते. एका मैत्रिणीनं तिच्या नणंदेच्या मुलाची जुनी देऊ केली, फुकट, पण ती कुठल्या गाडीत होती, ती गाडी कधी ठोकली होती का, प्लास्टिक किती वर्षांचं, कशाचाच पत्ता नाही, पुस्तिका हरवलेली, म्हणून नको म्हटलं. मनाला लागलं तिला बहुतेक. शेवटी नवीनच घेतली, साडेअकरा हजार. घरी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, किंमत ऐकून "एवढ्यात सोफ्याची खुर्ची आली असती" म्हणून सुनावलं. घेताना एकच बघा, मागे किंवा खाली नारिंगी स्टिकर असतं, त्यावर आर४४ किंवा आर१२९ (हे सुरक्षेच्या नियमांचे नंबर) आणि गोलात ई लिहिलेलं असतं. ते नसेल तर ती गाडीत ठेवायची नुसती गादी आहे, दिसायला कितीही गुबगुबीत असू दे.

आमची गाडी २०१५ ची, आयसोफिक्स नाही. नवीन गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, सीट त्यात खटकन बसते, संपलं. आमच्यासारख्यांना गाडीच्याच बेल्टनं बांधावी लागते आणि तिथेच सगळा घोळ. पहिल्या दिवशी नवऱ्यानं अर्धा तास घाम गाळून बसवली आणि मी हलवून बघितली तर देवळातल्या घंटेसारखी हलत होती. मग कळलं की गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन टाकायचं आणि मग बेल्ट ओढायचा, बेल्टला पीळ नको, आणि बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवली तर इंचभराच्या वर हलता कामा नये. बेल्ट ओवायच्या खुणा पण दोन रंगांच्या असतात, निळी म्हणजे पाठमोरी, लाल म्हणजे समोर तोंड. आम्ही आधी लालमधून ओवला होता, कारण आमच्या डोक्यात पोर समोर बघणार हेच होतं. सगळ्यांच्या गाडीत समोरच बघतं!

हे पाठमोरं बसवणं सगळ्यात जास्त लोकांना खटकतं. "पाय कुठे ठेवेल ती?" पाय दुमडून बसते हो, मांडी घालून बसायची सवय तर आपल्याला जन्मापासूनची. कारण असं की लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार जड असतं आणि मान कच्ची. समोर तोंड करून बसवलं तर धडकेत अंग पट्ट्यांनी अडतं पण डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. पाठमोरं असलं की डोकं, मान, पाठ सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. म्हणून सीटची वजनाची मर्यादा संपेपर्यंत पाठमोरंच ठेवायचं. आमच्या सीटला ती तेरा किलो आहे, चिऊ आता सव्वादोन वर्षांची, साडेअकरा किलो, अजून पाठमोरीच जाते आणि मागच्या काचेतून ट्रकवाल्यांना टाटा करते. आणि पुढे सीट लहान झाली की थेट मोठ्यांचा बेल्ट नाही लावायचा, त्याआधी बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून पोराला उंच करणारी बैठक. तीन ठिकाणी अडकणारा हा बेल्ट १९५९ ला व्होल्वोच्या निल्स बोहलिन नावाच्या इंजिनिअरनं काढला तो मोठ्या माणसाच्या खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांसाठी, लहान मुलाला तो मानेवर येतो आणि पोटावर चढतो.

रडण्याबद्दल खोटं नाही सांगणार. पहिले बारा-पंधरा दिवस भयंकर गेले. सिंहगड रोडवर सिग्नलला बाजूचे रिक्षावाले वळून बघायचे. एकदा मी स्वतःच हरले, वडगावला गाडी बाजूला घेऊन तिला काढून मांडीवर घेतलं आणि घरापर्यंत तशीच आले, आणि येताना सगळा वेळ पोटात गोळा. त्यानंतर नियम केला की रडली तर गाडी थांबेल, पण चालती गाडी आणि मांडी हे जमायचं नाही. लांबच्या प्रवासात तसंही दर दोन तासांनी बाहेर काढतो, तान्ह्या बाळाला फार वेळ त्या बैठकीत ठेवूच नये.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. "पोरगं हाय का गठुडं हाय, बांधून घालायला?" हे पहिलं वाक्य. मग "आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" मी १४० किलोचं गणित सांगितलं, काही उपयोग नाही. नवऱ्यानं "आई, तू बघितलंस ना घाटात काय झालं" म्हटलं तर त्यांचे डोळे भरून आले आणि तो विषयच काढायचा नाही असं झालं. मला तेव्हा कळलं की त्यांना ती सीट म्हणजे त्यांच्यावर ठेवलेला ठपका वाटत होता. तू पोर सांभाळू शकली नाहीस म्हणून हे प्लास्टिक आणलं.

मग एकदा पार्किंगमध्ये मी पट्टे आवळत होते आणि मनातच बडबडत होते की खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडून बघायचा, चिमटीत कापड आलं तर ढिला, नाही आलं तर बरोबर. त्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तीस वर्षं ब्लाउज शिवलेत, अख्ख्या पेठेचे. त्यांनी हात घातला, चिमटी केली आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे व्हय तुझं? एवढा फुगा ठेवला असता तर बाई ब्लाउज परत घेऊन आली असती." आणि स्वतः ओढून आवळला. त्या दिवसापासून चिऊचे पट्टे हे त्यांचं खातं. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या सीटला खांद्याच्या लेव्हलला किंवा किंचित खाली हवेत, हे मी एकदाच सांगितलं, आता त्याच मला सांगतात की पोरगी वाढली, एक घर वर घ्या. हिवाळ्यात चिऊला जाड जाकीट घालून बसवलं तर त्या ते आधी काढायला लावतात, "अस्तराच्या जाडीनं माप चुकतंय" म्हणून. कुठल्याही पुस्तिकेत इतकं नीट लिहिलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा बेल्ट मात्र अजून भांडणाचा विषय आहे. उंची कमी, मागच्या बेल्टला वरखाली करायची सोय नाही, त्यामुळे तो गळ्याला घासतो, मग त्या काखेतून काढतात. काखेतून काढलेला बेल्ट बरगड्यांवर येतो, तो लावल्यासारखाच नाही. आता ताठ बसून जरा मधल्या बाजूला सरकतात आणि पदराच्या आतून बेल्ट घेतात, खालचा पट्टा पोटावर नाही, निऱ्यांच्या खाली कमरेला. बसतो नीट.

परवा दिराच्या नवीन अर्टिगातून लग्नाला जायचं होतं. गाडीला आयसोफिक्स, मी खूश, आमची सीट बेल्टनं बसणारी असली तरी तीन टोकांचा बेल्ट तर नक्की असणार. मागचं दार उघडलं तर बेल्टचं एकही लॉक दिसेना. ऍक्सेसरीवाल्यानं लेदरची कव्हरं चढवताना सगळी लॉकं आत दाबून टाकलेली, वर शिलाई. दीर म्हणाला, "वहिनी, मागे कोण लावतंय बेल्ट?" पुढच्या रिकाम्या सीटला तर त्यानं बेल्ट न लावल्याची बीप बंद करायची क्लिप खोचून ठेवलेली, जी ऑनलाइन विकू नका म्हणून २०२३ मध्ये सरकारनं मोठ्या कंपन्यांना बजावलं तीच, त्याला कुठून तरी मिळाली.

मी काही बोलणार तोवर सासूबाईंनी पर्समधून ब्लेड काढलं. (त्यांच्या पर्समध्ये ब्लेड, सुई, दोरा कायम असतो.) कव्हरवर बोटानं चाचपलं, लॉक कुठे आहे बघितलं आणि बरोबर तेवढीच चीर दिली. मग दुसरी. मग तिसरी. लॉक बाहेर काढून चिऊची सीट स्वतः आवळायला लावली. संध्याकाळी हॉलवर वरातीची वाट बघत असताना त्या गाडीत बसून त्या चिरांना काठानं टाके घालत होत्या, अगदी बटणाच्या काजासारखे. दीर बाहेर उभा. कव्हरं चौदा हजारांची होती म्हणे.