आमच्या वाळवंटातला उरक्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळासाठी मी बनवलेला पहिला प्राणी लढाईचा चौथा राउंड संपायच्या आत मेला. धड तरसाचं, शेपटी विंचवाची, तोंडातून आम्लाची पिचकारी, ९७ हिट पॉइंट्स, म्हणजे तेवढा जीव. दोन रात्री जागून बनवला होता. आमच्या रविवारच्या टेबलावर चौघं खेळतात, तेव्हा सगळ्यांची पात्रं तिसऱ्या लेव्हलची होती. २०१४ चे नियम, गोष्ट वाळवंटातली, डीएम मी, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा. मावसभाऊ बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा खेळतो. त्याने शेवटचा घाव घातला, चिवड्याच्या वाटीत हात घातला आणि म्हणाला, "दादा, मेलेलं खाणारा प्राणी आणतोय म्हणालास. हा तर आल्या आल्या अंगावर धावून आला. वाळूतला वाघच की हा."

लागलं, कारण खरं होतं. मढ्यावर जगणारं जनावर कशाला धावून येईल? त्याचं सगळं कसब वाट बघण्यात. आणि हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, जोडबीडला. बिकानेरच्या बाहेर मेलेली गुरं आणि उंट आणून टाकतात ती ही जागा. हिवाळ्यात तिथे गिधाडं आणि गरुड शेकड्यांनी उतरतात. मी गेलो होतो पक्षी बघायला, पण पहिली आठवण वासाची आहे. जीपमधून उतरायच्या आधीच तो घशात जाऊन बसला होता. एका ताज्या उंटाला कुत्री पोटाच्या मऊ बाजूने फाडत होती आणि पाच-सहा पांढरी गिधाडं शेजारी नुसती उभी होती. त्यांची चोच बारीक, उंटाचं कातडं त्यांच्याच्याने फाटत नाही. मधूनच एखादं दोन पावलं पुढे यायचं, कुत्रं गुरकावलं की दोन पावलं मागे. लग्नात दुसऱ्या पंगतीसाठी आपल्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात ना लोक, अगदी तसं.

घरी वही उघडली आणि शेपटी, आम्ल, ९७, सगळं खोडलं. खाली एकच ओळ लिहिली : याला कातडं फाडता येत नाही.

मग बाकीचं त्या ओळीतूनच येत गेलं. फाडता येत नाही, तर फाडणाऱ्याच्या मागे राहायला हवं. आमच्या वाळवंटात सगळ्यात जास्त जनावरं कोण मारतं? हेच चौघं. दर रविवारी सात-आठ मढी टाकून पुढे निघतात, वळूनही बघत नाहीत. म्हणजे हा प्राणी यांच्याच मागे फिरणार. यांच्यातलंच कुणी पडलं, तर तेही चालेल त्याला.

आकाराने शेळीएवढा, पाय लांब, कान मोठे. पाय पांढरेफटक, कारण उन्हाळ्यात अमेरिकेतली काही गिधाडं स्वतःच्या पायांवर शिटतात आणि ते वाळताना पाय थंड राहतात. ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली. (टेबलावर सांगितली तेव्हा हसण्यात खेळ थांबला.) लेंड्या खडूसारख्या, हाडं खाणाऱ्या तरसाच्या असतात तशा, म्हणजे माग काढणाऱ्याला काहीतरी सापडेल. आर्मर क्लास (घाव लागणं किती अवघड तो आकडा) १२, हिट पॉइंट्स २२, चावा नावापुरता. आकड्यांना दहा मिनिटं लागली. नाव आजीकडून आलं. ताटात काही राहिलं की ती म्हणायची, "उरक ते." म्हणून हा उरक्या.

त्या नियमांत थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत, सहावीवर माणूस मरतो. मी ठरवलं की चौघांच्या थकव्याची बेरीज जितकी, तितके उरके रात्री शेकोटीच्या उजेडाच्या कडेला बसणार. का ते सांगायचं नाही, फक्त डोळ्यांच्या किती जोड्या चमकतात ते सांगायचं. तिसऱ्या रात्री आमची क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारी पुजारीण खेळणारी, पेन्सिल थांबवून म्हणाली, "काल चार होते. आज सात कसे?" कुणी उत्तर दिलं नाही, पण पाण्याच्या पिशव्या मोजायला सगळ्यांनीच सुरुवात केली.

अडलो ते त्याच्या दुबळ्या बाजूवर. आग, चांदी, सूर्यप्रकाश, सगळं वापरून गुळगुळीत झालेलं. दोन आठवडे काही सुचेना. मग पुन्हा गिधाडांकडेच गेलो. अँथ्रॅक्सने मेलेलं ढोरही त्यांच्या पोटात जिरतं, पण गुरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. नव्वदच्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं कोसळली, पुढे शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. विष कुणी घातलंच नव्हतं, दुखणाऱ्या गाईला सुई दिली होती, एवढंच.

आमच्या खेळात असं काय आहे, जे दयेपोटी पाजतात? हीलिंग पोशन, जखमा भरणारं जादूचं औषध. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : पोशन पिऊन तीन दिवसांत मेलेलं काहीही उरक्याने खाल्लं, तर उरक्या मरतो. हे कुणाला सांगितलं नाही.

एक महिना काहीच झालं नाही. मग सांडणीला साप चावला. उंटाला हिट पॉइंट्स १५, त्यातले तीनच उरले होते. क्लेरिकने शेवटचं पोशन तिला पाजलं. चार बाजूंच्या दोन फाशांवर दोन आणि एक, वर नेहमीचे दोन, एकूण पाच. सांडणी रात्रीत गेली आणि हे पुढे निघाले.

दोन सेशननंतर त्याच वाटेने परतले. सांडणी अर्धी खाल्लेली, भोवती अकरा उरके, पाय ताणून, उन्हात झोपल्यासारखे. पुढच्या विहिरीजवळ दोन मेलेली गुरं तशीच फुगून पडलेली, पाण्याला वास. त्या रात्री शेकोटीच्या कडेला कुणीच बसलं नव्हतं. मावसभावाने विचारलं, "यांना कुणी मारलं?" क्लेरिकने वीस बाजूंचा फासा टाकला, अठरा आले, म्हणजे उत्तर द्यायलाच हवं. मी फक्त म्हणालो, "मूत्रपिंडं." तिने स्वतःच्या कागदावर खोडलेल्या पोशनवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

दरोडेखोरांची एक झक्कास लढाई मी तयार ठेवली होती. ती पिशवीतच राहिली. परत मागे जाऊन उरलेलं सगळं सेशन चौघं वाळूत खड्डा खणत बसले, सांडणीसाठी. वाळू सारखी ढासळत होती. संध्याकाळी एक उरक्या आला आणि खड्ड्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. बार्बेरियनने दगड उचलला, नेम मुद्दाम बाजूला धरला आणि फेकला.

उरक्या दोन पावलं मागे गेला आणि तिथेच बसला.