पायांचे रेकॉर्डिंग

गेल्या दिवाळीत केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दंडारी, म्हणजे दिवाळीत नाचत येणारी गोंड मंडळी, आली, तेव्हा मी मोबाइल ढोलापासून दोन हातांवर तिवईला लावून चाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग केले. रात्री ते ऐकल्यावर दंडारीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारले, “ढोल तर आला बापू, पाय कोठी गेले?” घुसाडीच्या, म्हणजे दंडारीत मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्याच्या, घुंगरांचा आवाज ढोलाखाली पार बुडाला होता.

तेव्हापासून आफ्रिकेतल्या मुखवटानृत्यांची ध्वनिमुद्रणे मी निराळ्या कानाने ऐकतो. आयव्हरी कोस्टमधील गुरो लोकांच्या झाऊलीत (युनेस्कोने २०१७ मध्ये या नृत्याची वारसा म्हणून नोंद केली) मुखवटा स्त्रीचा आणि नाचणारा पुरुष असतो. त्याचे धड जवळजवळ स्थिर राहते आणि पाय मात्र ढोलाशी इतक्या वेगाने सवालजवाब करतात की पायांतला आवाज वगळला, तर त्या संगीतातले एक वाद्यच वगळल्यासारखे होते. १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताचे मोठे ध्वनिसंग्रहालय उभारणारे ह्यू ट्रेसी मायक्रोफोन स्वतः हातात धरून वादकांजवळ नेत असत. मीही दुसऱ्या दिवशी तिवई घरी ठेवली, घुसाडीच्या पायांपाशी पोत्यावर बसलो आणि यथेच्छ धूळ खाल्ली. पण घुंगरू आले.

मूळ वेव्ह फाइल आता दोन हार्ड डिस्कवर आहे. गावात व्हॉट्सॲपवरून फिरणारी प्रत ऐकण्यापुरती ठीक, मात्र त्यात आवाज दाबून लहान केलेला असतो आणि घुंगरांची बारीक किणकिण सर्वांत आधी मार खाते.

गाव, तिथी, वाद्ये, वादकांची नावे हे सारे वहीत सहज भरले. अडले ते घुसाडीच्या नावापाशी. मलावी, झांबिया व मोझांबिकमधील चेवा लोकांच्या गुले वामकुलू या मुखवटानृत्यात नाचणारे न्याऊ या गुप्त मंडळाचे असतात, आणि मुखवट्यामागे कोण आहे हे बाहेर बोलायचे नसते. आमच्या घुसाडीला लाकडी मुखवटा नाही, पण अंगाची राख आणि मोरपिसांचा टोप यांनी ओळखीचा माणूसही अनोळखी होतो. संग्रहाला नाव हवे असते हे मला कळते, तरी अशा वेळी मी वेषाचा मान ठेवतो. काकांना विचारले, तर ते म्हणाले, “आता तो घुसाडी हाय. टोप उतरला का त्यालेच विचार.”

नावाच्या रकान्यात मी लिहिले : घुसाडी, डाव्या पायात घुंगरू जास्त.