३.३ किलोहर्ट्झचा खड्डा आणि हॉर्नची कड

मंडळी, घरी बांधत असलेल्या माझ्या हॉर्न स्पीकरच्या आवाजातल्या खड्ड्याचं मूळ सापडलं. मागच्या नोंदीतल्या ऑन-ॲक्सिस (अगदी समोरून मोजलेल्या) ग्राफवर ३.३ किलोहर्ट्झला जो ४ डेसिबलचा खड्डा होता, तो ना ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा), ना थ्रोटच्या (हॉर्नच्या अरुंद टोकाच्या) जोडाचा, ना क्रॉसओव्हरचा (वूफर आणि हॉर्नमध्ये आवाज वाटणाऱ्या फिल्टरचा). तो हॉर्नच्या माउथच्या, म्हणजे रुंद तोंडाच्या, कडेमुळे पडतो. १.६ किलोहर्ट्झच्या आसपासचा फुगवटा, ज्याच्यामुळे गाणाऱ्याचा आवाज किंचित नाकातून आल्यासारखा वाटत होता, तोही त्याच कडेचा. शोधायला फार वेळ गेला, पण कारण इतकं स्वच्छ निघालं की सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. गोल हॉर्न बांधणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणारच.

मांडणी तीच आहे. खाली १५ इंची वूफर, ११५ लिटरची पोर्टेड पेटी, ट्यूनिंग ३८ हर्ट्झ. वर पेटीवर मोकळा ठेवलेला ९० अंशांचा गोल ओब्लेट स्फेरॉइडल (थ्रोटपाशी वळून पुढे जवळजवळ सरळ शंकू होणारा) हॉर्न, प्लायच्या चकत्या चिकटवून कोरलेला. माउथ ४० सेंटिमीटर, थ्रोटपासून माउथपर्यंत २० सेंटिमीटर, मागे १.४ इंची एक्झिटचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर. क्रॉसओव्हर डीएसपीमध्ये (डिजिटल सिग्नल प्रोसेसरमध्ये), ९०० हर्ट्झला, चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली प्रकारचा.

पहिला संशय अर्थातच ड्रायव्हरवर. डावा-उजवा अदलाबदल केला, खड्डा जागचा हलला नाही. मग थ्रोट. इथे मला आधीपासून शंका होती, कारण तयार घेतलेल्या ॲडॅप्टरचं भोक ड्रायव्हरच्या एक्झिटपेक्षा अख्खा १ मिलिमीटर लहान निघालं होतं. विकणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये माप बरोबर आणि हातात आलेल्या वस्तूत चूक! ॲडॅप्टर घेतलात तर आधी व्हर्नियर लावा, मगच बसवा. ती पायरी घासून काढली, बोट फिरवलं तर जोड लागत नाही इतकी गुळगुळीत केली, पातळ गॅस्केट घातलं. १० किलोहर्ट्झच्या वरचा खडबडीतपणा बराच कमी झाला, त्यामुळे ती मेहनत फुकट गेली नाही. ३.३ चा खड्डा मात्र तसाच.

मग ड्रायव्हरचा इम्पिडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा विजेचा अवरोध) काढला. माउथवरून आवाज परत थ्रोटकडे येत असेल तर त्याच्या लाटा इम्पिडन्सच्या रेषेवर उमटतात, आणि दोन लाटांमधलं अंतर हॉर्नची लांबी सांगतं: ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. २० सेंटिमीटरच्या हॉर्नमध्ये ते ८५० हर्ट्झच्या आसपास यायला हवं. खालच्या भागात बारीक लाटा दिसल्या, पण ३ किलोहर्ट्झच्या पुढे रेष अगदी सरळ. म्हणजे जे काही घडतंय ते ड्रायव्हरला जाणवतच नाही, आवाज हॉर्नमधून बाहेर पडताना घडतंय.

उलगडा झाला तो माइक हलवल्यावर. १ मीटरवर खड्डा ३.३ किलोहर्ट्झला. माइक ५० सेंटिमीटरवर आणला तर खड्डा २.८ ला सरकला. २ मीटरवर नेला तर ३.७ ला. माइकच्या अंतराबरोबर सरकणारा खड्डा ड्रायव्हरमध्ये किंवा फिल्टरमध्ये असूच शकत नाही. त्याचा संबंध फक्त दोन वाटांच्या लांबीतल्या फरकाशी. आणि माइक अक्षापासून २० अंश बाजूला नेला की खड्डा जवळजवळ भरून येतो.

गणित कागदावर पाच ओळींत मावतं. ४५ अंशांची भिंत, २० सेंटिमीटर खोल, २० सेंटिमीटर त्रिज्या. शंकूच्या शिखरापासून कडेपर्यंत तिरकं अंतर २८.३ सेंटिमीटर, सरळ अक्षावरून माउथच्या पातळीपर्यंत २०. फरक ८.३. कडेपासून माइकपर्यंतची वाट अक्षावरच्या वाटेपेक्षा १ मीटरवर आणखी २ सेंटिमीटर लांब. एकूण १०.३ सेंटिमीटर, म्हणजे ३.३ किलोहर्ट्झची तरंगलांबी. कडेवर लाट अचानक मोकळी होते तेव्हा तिथून निघणारी दुय्यम लाट उलट्या फेजची (दाबाच्या जागी विरळ, विरळच्या जागी दाब) असते, म्हणून पूर्ण तरंगलांबीच्या फरकाला वजाबाकी होते आणि अर्ध्या तरंगलांबीला, म्हणजे १.६५ किलोहर्ट्झला, बेरीज. खड्डा आणि फुगवटा दोन्ही एकाच आकड्यातून बाहेर पडले. ५० सेंटिमीटर आणि २ मीटरचे आकडे याच रीतीने काढले तर २.८ आणि ३.७ येतात. ग्राफ आणि कागद जुळले तेव्हा झालेला आनंद वेगळाच.

गोल माउथमध्ये हे इतकं ठसठशीत का, तेही यातूनच कळतं. अक्षावर बसलेल्या माइकपासून कडेचा प्रत्येक बिंदू समान अंतरावर असतो. सगळ्या कडेची दुय्यम लाट एकाच क्षणी पोहोचते. माइक बाजूला गेला की जवळची कड आणि लांबची कड वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि परिणाम पसरून जातो. शिवाय माझा हॉर्न बॅफलविना (भोवतीच्या फळीविना) मोकळा, त्यामुळे कडेला भिंत संपते ती एकदम मागे वळते. सपाट बॅफलमध्ये बसवला असता तर हेच थोडं सौम्य झालं असतं.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे, कारण आपल्यातले अनेक जण सवयीने ग्राफ पाहतात आणि इक्यूकडे, म्हणजे हव्या त्या वारंवारतेला आवाज कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरकडे, वळतात. मोजमापाच्या आरईडब्ल्यू या सॉफ्टवेअरला सांगितलं तर तो १ मीटरचा ग्राफ क्षणात सरळ करून देतो: ३.३ ला ४ डेसिबल वाढव. पण माझी खुर्ची ३ मीटरवर आहे आणि तिथे खड्डा ३.८ ला आहे. म्हणजे खुर्चीत ३.३ ला न मागितलेला उंचवटा आणि ३.८ ला खड्डा तसाच. त्याहून वाईट म्हणजे २० अंशांवर, जिथे खड्डाच नव्हता, तिथे ते ४ डेसिबल तसेच्या तसे बाहेर पडतात आणि बाजूच्या भिंतीवरून परत येतात. हॉर्न आपण बांधतो तो अक्षावर आणि बाजूला एकसारखा आवाज मिळावा म्हणून. भूमितीतून पडलेला खड्डा भूमितीनेच भरायचा. इक्यू ठेवायचा ड्रायव्हरच्या नैसर्गिक उतारासाठी, कारण तो सगळ्या कोनांत सारखाच असतो.

मोजमापाबद्दल थोडं. हे सगळं खोलीतच झालं, हॉर्न आणि माइक १.२ मीटर उंचीवर. १ मीटरला जमिनीवरून येणारा आवाज साधारण ४.६ मिलिसेकंद उशिरा येतो, २ मीटरला ३.३. मोजताना तेवढ्याच वेळाची खिडकी ठेवली, पुढचं सगळं कापलं की वरचा भाग विश्वासाचा मिळतो, आणि ३ किलोहर्ट्झच्या प्रश्नाला ती भरपूर आहे. साधा मोजमापाचा माइक आणि दोन चॅनेलचं इंटरफेस, दुसऱ्या चॅनेलवर लूपबॅक (बाहेर जाणारा सिग्नल वेळेच्या तुलनेसाठी थेट परत आत घेणं), हीच जोडी मी सुचवेन. यूएसबी माइक टोनल कामाला छान, पण फेज आणि वेळेच्या प्रश्नात लूपबॅकसारखं दुसरं काही नाही.

आता उपाय. आधी कडेभोवती जाड फेल्ट लावून पाहिलं. ५ किलोहर्ट्झच्या वर थोडा फरक पडला, १.६ च्या फुगवट्याला काही नाही. अपेक्षितच होतं, त्या तरंगलांबीपुढे १० मिलिमीटरचं फेल्ट काहीच नाही. हवी होती गोलाई: भिंत जिथे संपते तिथून ४५ अंशांच्या दिशेनेच पुढे निघून हळूहळू बाहेर आणि मागे वळणारी. ल क्लिआक प्रोफाइलवाले, म्हणजे कड मागे वळवलेल्या आकाराचे हॉर्न बांधणारे, पहिल्यापासून हेच करतात. १.६५ किलोहर्ट्झची तरंगलांबी २१ सेंटिमीटर, तिच्या चतुर्थांशाइतकी त्रिज्या धरली, म्हणजे ५० मिलिमीटर. एवढ्या मोठ्या त्रिज्येचा राउटर बिट विसरा. १८ मिलिमीटर प्लायच्या तीन कड्या चिकटवल्या, प्रत्येक कडी पायरीपायरीने कापली आणि पायऱ्या घासून उतरवल्या.

घासताना प्लायच मार्गदर्शक होतो. प्लायचे गडद-फिके थर वक्र पृष्ठभागावर वर्तुळांसारखे उमटतात, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे. वर्तुळ कुठे फुगलं किंवा दबलं की तिथे उंची चुकली आहे हे लांबून दिसतं. त्यावर पेन्सिलीने आडवंतिडवं गिरवायचं आणि सगळी शिसं एकाच वेळी निघून जाईपर्यंत घासायचं. ८० नंबरचा पेपर जाड रबराच्या पट्टीवर लावा, हातात नुसता धरू नका, नाहीतर मऊ थर खोल जातात आणि गोंदाच्या रेषा वर राहतात. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. ग्राफवर न दिसणारी लाट तळहाताला कळते.

तात्पुरती जोडणी दुहेरी टेपने केली, सांध्यात मॉडेलिंग क्ले दाबून भरली आणि स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा चाचणीचा स्वर) घेतला. १ मीटरवर खड्डा ४ वरून १.२ डेसिबलवर. फुगवटा १ डेसिबलच्याही आत. माइक पुढेमागे केला तर जे काही उरलंय ते अजूनही सरकतं, पण आता त्याची फिकीर नाही. आणि आवाज! एका आवाजातल्या गाण्यात शब्दांच्या सुरुवातीची धार आता टोचत नाही, नुसती स्पष्ट आहे. तंबोऱ्याची जवारी पूर्वी एका पट्ट्यात साचायची, ती आता वरपर्यंत मोकळी पसरते.

पण गोलाईने नवा प्रश्न आणला आहे. मागे पूर्ण वळवल्यामुळे हॉर्नचा बाहेरचा व्यास ४० वरून ५७ सेंटिमीटर झाला. वूफरच्या केंद्रापासून हॉर्नच्या केंद्रापर्यंतचं अंतर ४० होतं ते ४८.५ वर गेलं. ९०० हर्ट्झची तरंगलांबी ३८. उभ्या दिशेतले लोब (वूफर आणि हॉर्नच्या आवाजाच्या बेरीज-वजाबाकीतून बनणारे पट्टे) आता आणखी जवळ येणार, उठून उभं राहिलं की आवाज बदलणार. सरळ उपाय म्हणजे क्रॉसओव्हर ७०० ला आणणं. स्पीकर अभियंते डॉन कील यांनी १९७५ साली मांडलेल्या सूत्राने पाहिलं तर ४० सेंटिमीटरचा माउथ ९० अंश सांभाळतो तो साधारण ७०५ हर्ट्झपर्यंत. म्हणजे अगदी काठावर, आणि तिथे ड्रायव्हरच्या डायफ्रामची ओढाताणही वाढते. मला ते फारसं पसंत नाही.

हे लिहिता लिहिताच एक कल्पना सुचली आहे. गोलाई सगळीकडे सारखी कशासाठी? दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटर ठेवू, वर ४०, आणि खाली वूफरकडे २५. खालची २५ केली की केंद्रांमधलं अंतर ४४ वर येतं, ते ७७५ हर्ट्झच्या तरंगलांबीइतकं, म्हणजे क्रॉसओव्हर ७०० ऐवजी ७७५ ला ठेवता येईल. शिवाय गोलाईची सममिती मोडल्यामुळे कडेवरच्या लाटा एकाच क्षणी पोहोचणार नाहीत, म्हणजे उरलेला १.२ चा खड्डाही आणखी पसरेल. खालच्या बाजूला डिफ्रॅक्शन (कडेवरून दुय्यम लाट निघणं) थोडं वाढेल, पण ते एका कोपऱ्यातच राहील. व्हिट्युइक्सकॅड या स्पीकर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या दिशेचे लोब आधी तपासून घेतो. उजव्या हॉर्नची गोलाई याच रीतीने करणार आणि पटली तर डावीही बदलणार. डावी अजून टेपवरच आहे, बरंच झालं.

बाकीची प्रगती थोडक्यात. हॉर्नमधून येणारी खरखर, जिच्याबद्दल मागच्या वेळी विचारलं होतं, ती गेली. हॉर्नवर ड्रायव्हरची संवेदनशीलता (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) १०९ डेसिबल, वूफरची ९७, त्यामुळे ॲम्पचा तळातला आवाज खुर्चीपर्यंत येत होता. डीएसपीमध्ये १२ डेसिबल कमी करून तो जात नाही, कारण तो डीएसपीच्या पुढे तयार होतो. ड्रायव्हरच्या आधी एल-पॅड (आवाज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) लावला: ६.२ ओहम सिरीजला, २.७ ओहम समांतर. त्याच्याही आधी संरक्षणाला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ८ ओहमच्या ड्रायव्हरला तो २०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली अडवतो, म्हणजे क्रॉसओव्हरच्या दोन सप्तक खाली. ड्रायव्हरची १६ पैकी १५ भाग शक्ती रेझिस्टरमध्ये जाते म्हणून काहींना हे खटकतं. मला नाही खटकत. सिस्टिमची कार्यक्षमता वूफर ठरवतो, आणि ९७ डेसिबल म्हणजे ३ टक्क्यांच्या वर. ९२ ला जेमतेम १ टक्का असतो. शांत खोलीत हॉर्नमधून काहीच न ऐकू येणं ही फार मोठी चैन आहे.

वूफरला ०.५ मिलिसेकंद डिले देऊन हॉर्नची फेज उलटी केली तर ९०० ला ३० डेसिबलहून खोल खाच पडते, दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे वेळ जुळली. क्रॉसओव्हर खाली आणला की हे पुन्हा करावं लागेल.

पुढचं काम ७७५ हर्ट्झला डिस्टॉर्शन मोजण्याचं, ९५ आणि १०५ डेसिबलला. १.४ इंची ड्रायव्हर इतक्या खाली चालवणाऱ्या कुणाकडे तिसऱ्या हार्मोनिकचे आकडे असतील तर पाठवा. माझे ०.५ टक्क्याच्या आत आले नाहीत तर ९०० वरच राहीन आणि हॉर्न वूफरच्या फ्रेमवर २ सेंटिमीटर पुढे आणून गोलाईचा खालचा भाग तिच्यावर टेकवेन.