अर्धा वॉट, बारा आठवडे

सुरुवात उलटी झाली होती, हे आधीच सांगतो. पाच वॉटचा, दोन बँडचा (म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचा), पुढे कीपॅड असलेला वॉकीटॉकी हँडसेट माझ्या मनात भरला होता. मागवण्याआधी सहज म्हणून हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, असलेल्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, "घे की. फक्त दोन गोष्टी सांग. बोलणार कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आणि कुणाच्या परवान्यावर?"

मला दोन्हींची उत्तरं येत नव्हती. तिथून या वहीची सुरुवात.

आठवडा १ आणि २

हातात सेट नाही, नुसतं वाचन. यंत्राला काय जमतं आणि आपल्याला काय करायची मुभा आहे, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे डोक्यात शिरायला हे दोन आठवडे गेले. मला आवडलेला तो सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू शकतो. त्याच पट्ट्यात १५६.८ मेगाहर्ट्झवर जहाजांचा चॅनल १६ आहे, म्हणजे समुद्रावरची मदतीची हाक. कीपॅडवर चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला की आपली गप्पाटप्पा थेट तिथे. अनेक देशांत तर असा सेट विनापरवाना नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, बटण दाबलं नाही तरी. मग तो नाद सोडला आणि परवानामुक्त वर्गातली, मान्यताप्राप्त सेटची जोडी घेतली.

परवानामुक्त म्हणजे मोकळं रान नव्हे. युरोपातल्या पीएमआर ४४६ या परवानामुक्त वॉकीटॉकी सेवेचं उदाहरण घ्या. पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, चॅनल १६, दोन चॅनलमधलं अंतर १२.५ किलोहर्ट्झ, पहिला चॅनल ४४६.००६२५ वर. ताकद जास्तीत जास्त अर्धा वॉट आणि अँटेना सेटला कायमचा जोडलेला. यातली एक अट मोडली तरी सूट गेली. म्हणून "परवाना लागत नाही" अशा जाहिरातीच्या सेटचा अँटेना फिरवून निघत असेल, तर तो या वर्गातला नाही, असं खुशाल समजावं. ओळखायची याहून सोपी खूण मला अजून सापडलेली नाही.

भारतातही ४४६.० ते ४४६.२ चा पट्टा २०१८ च्या नियमांनी याच धर्तीवर मोकळा झाला. अमेरिकेत मात्र ४२० ते ४५० मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा पट्टा आहे, त्यामुळे तोच निरुपद्रवी सेट तिथे नेऊन बोललात तर तुम्ही परवान्याशिवाय हॅमच्या पट्ट्यात घुसलेले असता. तिथली परवानामुक्त सेवा म्हणजे एफआरएस. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, चॅनल २२, काही चॅनलवर दोन वॉटपर्यंत मुभा. ते सेट इकडे आणले तर इकडे बेकायदा. सामानात वॉकीटॉकी टाकण्याआधी हे बघून घ्या मंडळी. एका बाजूचा नियम पाळलेला सेट दुसऱ्या बाजूला आपोआप चालत नाही.

आठवडा ३

पहिलं बोलणं. मी गच्चीवर, भाची टेकडीच्या उतारावर. तिचं वय चौदा आणि शिस्त माझ्यापेक्षा चांगली.

वर पायवाट निसरडी झाली होती. मी घाईघाईत म्हणालो, "खाली उतरू नकोस." शेवटचा शब्द तोंडातून निघत असतानाच माझा अंगठा पीटीटीवरून, म्हणजे बोलताना दाबून धरायच्या बटणावरून, सुटला. तिला ऐकू आलं, "खाली उतरू…" ती चार पावलं उतरली आणि मग विचारलं, "मामा, उतरू ना?"

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. रेडिओ नेमका शेवट खातो. बटण लवकर सोडलं की "जाऊ नको"चं "जाऊ" होतं आणि "दिसत नाही"चं "दिसतं"च्या जवळपास काहीतरी. परक्या भाषेतल्या सूचनापत्रात ही अडचण कुणी लिहिलेली नसणार, आपली आपणच शोधायची. तेव्हापासून आमचा नियम असा, की सूचना नकारार्थी द्यायची नाही. "उतरू नकोस" नाही, "तिथेच थांब. थांब." दोनदा.

सुरुवातही कापली जाते. बटण दाबून लगेच बोललं तर पहिलं अक्षर हवेत विरतं, कारण सेटला ट्रान्समिटवर जायला आणि समोरच्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारं दार) उघडायला क्षणभर लागतो. दाबा, एक श्वास, मग बोला. संपलं की अर्धा श्वास, मग सोडा. आकड्यांतही गंमत आहे. "सहा" आणि "दहा" खरखरीत सारखेच ऐकू येतात. "एकोणसत्तर" म्हटलं तर समोरचा आधी मनात उलटा हिशेब करतो. आम्ही आता एकेक अंक सुटा म्हणतो, "सहा, नऊ".

अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही १९५६ सालापासून रूढ असलेली आंतरराष्ट्रीय माळ पाठ केली. तिच्या अधिकृत स्पेलिंगात अल्फाला पीएच नाही, एफ आहे, आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन टी आहेत, नाहीतर फ्रेंच माणूस तो टी गिळून टाकेल. उपयोग शून्य, पण मला असलं काही सापडलं की दिवस चांगला जातो.

आठवडा ५

रेंज. खोक्यावरचा आकडा विसरा. या फ्रिक्वेन्सीला वाकून जाणं फारसं जमत नाही, तिला समोरचं दिसावं लागतं. मोकळ्या सपाटीवर रेडिओचं क्षितिज किती दूर, तर उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. सेट दीड मीटरवर धरला तर साधारण ५ किलोमीटर, दोघांचं मिळून १०. हे मधे काहीच नसेल तर. आमच्या दाट इमारतींमध्ये सातशे मीटरवर आवाज तुटला. तीस मीटर उंच टेकडीच्या माथ्यावरून मात्र एकट्या त्या बाजूचंच क्षितिज साडेबावीस किलोमीटरवर जातं. आम्ही चार किलोमीटरवर थांबलो, कारण पुढे चालायचा कंटाळा आला. आवाज स्वच्छ होता.

पाच वॉटचा मोह इथे उतरला. अर्ध्या वॉटवरून पाचवर जाणं म्हणजे दहापट ताकद, पण सिग्नल मीटरवर ते १० डेसिबल, म्हणजे दोन एस-युनिट (मीटरवरचे टप्पे, एक टप्पा ६ डेसिबलचा) सुद्धा नाहीत. एक मजला वर चढल्यावर मला याहून जास्त मिळालं.

आवाज अगदी मरतो अशा जागीही एक युक्ती चालते. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची. भिंतींवरून परतून आलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना मारतात, आणि तिथून हातभर सरकलं की आवाज परत येतो. भाची आता आपणहून एक पाऊल बाजूला होते. अँटेना उभा धरायचा. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या सेटवर शरीराची आड येते, हेही तिथेच कळलं.

आठवडा ६

"प्रायव्हसी कोड" नावाची फसवणूक. सेटवर ३८ कोड आहेत आणि मी मोठ्या विश्वासाने एक लावला होता. आत काय, तर आवाजाखाली ६७ ते २५०.३ हर्ट्झमधला एक बारीक सूर. तो सूर नसलेला आवाज माझा सेट मला ऐकवत नाही, एवढंच. माझं बोलणं त्या चॅनलवरच्या सगळ्यांना ऐकू येतं. उलट आपल्याला चॅनल रिकामा वाटतो आणि आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलतो. आम्ही तीन आठवडे हेच करत होतो. आता आधी मॉनिटर बटण (चॅनलवरचं सगळं ऐकवणारं) दाबून कान द्यायचा, मग बोलायचं. आणि रेडिओवर घराला कुलूप आहे की नाही याची चर्चा करायची नाही.

आठवडा ८

लाज वाटण्यासारखी नोंद. सेट पिशवीत टाकला आणि पाण्याची बाटली पीटीटीवर बसली. वीस मिनिटं आमच्या चपलांचा आवाज आणि माझं गुणगुणणं त्या चॅनलवर चाललं होतं. एकाच चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणजे तेवढा वेळ बाकी सगळे मुके. सेट बाहेर काढला तेव्हा चांगलाच गरम होता. मेनूमध्ये टाइमआउट टायमर होता, ठरावीक वेळाने ट्रान्समिट आपोआप थांबवणारा, पण बंद ठेवलेला. तो ६० सेकंदांवर लावला. आवाजाने आपोआप सुरू होणारं व्हॉक्सही बंद केलं, वाऱ्यातसुद्धा ते बोलायला लागतं.

आठवडा ९

हॅम मित्राच्या टेबलावर एक दुपार. त्याच्याकडचा एक स्वस्त दोन बँडचा सेट त्याने अँटेनाऐवजी डमी लोडला (ताकद आतच जिरवणाऱ्या भाराला) आणि मधे अटेन्युएटर (सिग्नल बारीक करणारा) घालून स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला जोडला. १४५ मेगाहर्ट्झवर बटण दाबलं. पडद्यावर, जिथे प्रत्येक फ्रिक्वेन्सीची ताकद काट्यासारखी दिसते, १४५ ला उंच काटा आला, तो अपेक्षितच होता. पण २९० ला दुसरा, ४३५ ला तिसरा. "बोलतोय एका घरात आणि आवाज तीन घरांत," तो म्हणाला. सेटवरचा मान्यतेचा शिक्का म्हणजे कागदी सोपस्कार, असं मला वाटायचं. हे काटे किती खाली दाबले आहेत, ते तपासल्याची ती खूण आहे. अँटेना न लावता बटण दाबायचं नाही, हेही त्याने सांगितलं. ताकद बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती परत फिरते आणि शेवटच्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

सुरक्षेच्या बाकी गोष्टी पटकन. सेट तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर लांब, अँटेना गालाला किंवा डोळ्याला टेकवायचा नाही. जास्त वॉट असतील तर हे जास्त पाळायचं. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात नको, टोकं जोडली गेली तर खिसा पेटेल. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही. पेट्रोलच्या वाफा असतील तिथे साधा सेट बंद. सुरुंगाचं काम चालू असल्याची पाटी दिसली तर ट्रान्समिट अजिबात नाही, कारण विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात. वीज कडाडायला लागली की माथ्यावरून उतरायचं, चाचणी अर्धी राहिली तरी.

आठवडा १२

भाचीने गमतीत "मेडे, मेडे" म्हटलं आणि मी पहिल्यांदा तिच्यावर चिडलो. १९२३ च्या सुमाराला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्डने फ्रेंच "मेदे", म्हणजे "मला मदत करा", यावरून हा शब्द काढला. तो ऐकल्यावर हातातलं काम टाकून धावणारी माणसं असतात. खोटी हाक बहुतेक ठिकाणी गुन्हाच आहे. दुसऱ्या बाजूने हेही तिला सांगितलं, की आपल्या अर्ध्या वॉटच्या चॅनलवर कुणी कान लावून बसलेलं नाही. खरंच अडचण आली तर आधी फोन. रेडिओ आपल्या दोघांपुरता.

म्हणून आता वेळा ठरवल्यात. दर तासाला, ठोक्याला आणि अर्ध्याला, पाच मिनिटं सेट चालू. बॅटरी वाचते आणि वाट बघण्यात जीव टांगणीला लागत नाही. लागोपाठ दोन वेळा चुकल्या तर शेवटच्या सांगितलेल्या जागेकडे निघायचं.

हौशी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. मोर्स अजून डॅशच्या पलीकडे गेलेलं नाही. लहरीच्या लांबीचं गणित, ३०० भागिले मेगाहर्ट्झ, भाची तोंडी करते, मी कागद शोधतो. पाच वॉटचा सेट अजून घेतलेला नाही.