तुम्ही विचारलंत म्हणून: आधी ट्रिगर झाका

वहिनी, गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "तू दुकानात जाताना कमरेला पिस्तूल लावतेस ना? मग ते ठेवायचं कव्हर, होल्स्टर, कुठलं घेऊ सांग. बाहेरून दिसायला नको आणि टोचायलाही नको." हातात ताट होतं, पायांत मुलं पळत होती, म्हणून मी "लिहून पाठवते" एवढंच म्हटलं. ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून हाच प्रश्न मला वारंवार येतो. कुणी नवं दुकान घेतलेलं असतं, कुणाला रात्री उशिरा एकटं परतावं लागतं.

त्याआधी एक विचारते. तुमच्या घरी पाहुणा आलेला भाचा एच-वन-बीवर आहे ना? इथल्या केंद्रीय कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर पिस्तूल किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. "जरा धरून बघ" म्हणून त्याच्या हातात देऊ नका. आणि टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणून प्रशिक्षणाचा वर्ग टाळू नका. मी परवाना काढला. त्याच्या परीक्षेत 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या झाडाव्या लागतात. पण होल्स्टरमधून पिस्तूल काढणं आणि परत ठेवणं त्या परीक्षेत नसतं, आणि रोज आपण करतो ते नेमकं तेवढंच. ते मी नंतर एका निवृत्त पोलीस प्रशिक्षकाकडे वेगळे पैसे भरून शिकले. ते पैसे फार सत्कारणी लागले.

आता तुमचा प्रश्न. दिसू नये आणि टोचू नये, हे दोन्ही बरोबर आहे, पण होल्स्टरचं पहिलं काम ते नाही. ट्रिगर पूर्ण झाकून ठेवणं, हे पहिलं काम. माझ्या ग्लॉक पिस्तुलाला, चुकून गोळी सुटू नये म्हणून बाहेरून लावायचा खटका नाही. ट्रिगरच्याच मध्ये एक बारीक पाती आहे. ट्रिगर नीट दाबला, तर ती पाती आणि ट्रिगर दोन्ही मागे जातात आणि गोळी सुटते. त्याला सुमारे अडीच किलोचा दाब लागतो. तो दाब बोटाचा आहे, शर्टाच्या टोकाचा आहे की जॅकेटच्या नाडीचा, हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणजे कमरेवर असताना त्या ट्रिगरचं खरं रक्षण होल्स्टरच करतं.

माझं पहिलं होल्स्टर मऊ कापडाचं होतं, कुठल्याही पिस्तुलाला बसेल असं. अंगाला लागत नव्हतं, स्वस्त होतं, म्हणून मला फार आवडलं होतं. एका रविवारी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर, म्हणजे नळीमागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि करंगळीनं दोनदा तपासून मी सराव करत होते. पिस्तूल काढलं की पट्ट्याच्या दाबानं कापडाचं तोंड मिटायचं. परत ठेवताना मी ते पिस्तुलाच्या नळीनंच उघडत होते. अंगात हुडी होती. चौथ्या की पाचव्या वेळी पिस्तूल थोडं अडल्यासारखं वाटलं. मी जोर दिला, आणि "टक" असा कोरडा आवाज आला. खाली वाकून पाहिलं, तर हुडीच्या कमरेची नाडी, टोकाच्या प्लास्टिकच्या मण्यासकट, आत गेली होती आणि ट्रिगरच्या कडीत अडकून ताणली होती. चेंबर रिकामं होतं म्हणून फक्त आवाज आला. भरलेलं असतं, तर गोळी माझ्या नितंबातून मांडीत गेली असती. शेजारच्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करत होती. मी तशीच जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. ते होल्स्टर त्याच दिवशी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकलं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

तेव्हापासून मी कडक होल्स्टरच वापरते. बहुतेक कायडेक्सची असतात. कायडेक्स म्हणजे तापवून साच्यात बसवलेलं टणक प्लास्टिक. ते तुमच्याच पिस्तुलाच्या मॉडेलसाठी घडवलेलं हवं, "याच्यातही बसतं" असं नको. जाड, कडक चामडंही चांगलं असतं. पण चामडं जुनं होऊन लोळागोळा झालं की तोंडाशी त्याची घडी पडते, आणि ती घडी ट्रिगरच्या कडीत शिरू शकते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात घामानं चामडं लवकर मऊ पडतं. चपलेसारखं "अजून चालतंय" म्हणत वापरू नका.

होल्स्टर आणलंत की घरी पिस्तूल रिकामं करा, पुन्हा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच ते आत बसवा. बसताना स्पष्ट क्लिक ऐकू यायला हवा. मग पलंगावर धरून उलटं करा, हलवा. पिस्तूल पडलं, तर आवळायचा स्क्रू असतो तो आवळा. तरीही पडत असेल तर ते होल्स्टर परत करा. नंतर बाहेरून, ट्रिगर असतो त्या जागी अंगठ्यानं जोरात दाबून बघा. आतला ट्रिगर हलतोय असं जाणवलं तर तेही परत. शेवटी पिस्तूल बाहेर काढा, पट्टा रोजच्यासारखा आवळा आणि होल्स्टरचं तोंड बघा. ते आ वासून उघडंच राहायला हवं.

पट्ट्याकडे लोक लक्षच देत नाहीत. साडीवरच्या कमरपट्ट्यासारखा नाजूक पट्टा इथे कामाचा नाही. दीड इंच रुंद, आडवा धरला तर सहज पिळला न जाणारा हवा. टोचण्याच्या तक्रारींपैकी निम्म्या मऊ पट्ट्यामुळे असतात असं माझं मत झालंय. पिस्तूल बाहेरच्या बाजूला लोंबतं, म्हणून माणूस पट्टा आणखी आवळतो आणि मग पोट दुखतं. होल्स्टरचा क्लिप पट्ट्याच्या खालून नीट अडकला पाहिजे, नुसता कापडाला नाही. नाहीतर पिस्तूल काढताना होल्स्टरही सोबत वर येतं. रिकाम्या पिस्तुलानं दहा वेळा काढून बघितलं की हे लगेच कळतं.

कुठे लावायचं, ते घड्याळाप्रमाणे सांगतात. बेंबी म्हणजे बारा, उजवा खुबा म्हणजे तीन. मी साडेतीनला लावते. पुष्कळ बायकांना तिथे अडचण होते, कारण आपल्या कमरेच्या वळणामुळे मूठ बरगडीत रुतते. त्यांना एकच्या जवळ, पुढे, बरं वाटतं. मूठ अंगाकडे वळवणारा एक छोटा पंखासारखा तुकडा होल्स्टरला बसवता येतो. त्यानं शर्टाखाली फुगवटा दिसत नाही. पण पुढे लावलं की बसताना नळीचा रोख जांघेकडे असतो, आणि तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून वर्षभर तरी तीन-साडेतीनलाच सवय करा असं मी सांगेन. पाठीवर, मणक्यावर मात्र कधीच नको. ओल्या फरशीवर पाठीवर पडलात, तर ते लोखंड सरळ मणक्यावर आदळेल.

माझा नाशिकचा भाऊ म्हणतो, एवढं कशाला, सिनेमात तर नुसतं कमरेला खोचतात. प्लॅक्सिको बरेस हा इथला अमेरिकन फुटबॉलपटू. 2008 च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या खेळाच्या अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्स संघासाठी विजयी झेल त्यानं घेतला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये त्याच्या पँटच्या कमरेत असंच खोचलेलं पिस्तूल पायाच्या बाजूनं घसरलं. त्यानं ते पकडायला हात घातला आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत शिरली. न्यूयॉर्कचा परवाना नव्हता म्हणून दोन वर्षांची शिक्षाही झाली. भावाला जवळचं उदाहरण हवं होतं म्हणून मी गोविंदाचं सांगितलं. 1 ऑक्टोबर 2024 ला मुंबईत, घरातच, स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्या पायाला लागली. घरी, रोजच्या हाताळणीत, समोर कुणी शत्रू नसताना. पिस्तूल हातातून निसटलं, तर पडू द्या. हवेत झेलायला जाऊ नका, कारण झेलताना बोट ट्रिगरवरच पडतं.

आता परत ठेवण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. माझ्या प्रशिक्षकांनी मला महिनाभर वेगानं काढणं शिकवलंच नाही, फक्त सावकाश ठेवणं शिकवलं. डाव्या हातानं शर्ट छातीपर्यंत वर धरायचा. उजव्या हाताचं बोट ट्रिगरपासून लांब, पिस्तुलाच्या अंगावर सरळ. मान खाली करून होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघायचं: कापड नाही, नाडी नाही, काही नाही. होल्स्टर लावलेला खुबा थोडा बाहेर काढायचा, म्हणजे नळीचा रोख अंगापासून दूर जातो. मग हळूहळू आत. आणि जरा जरी अडलं, तरी थांबायचं, पिस्तूल बाहेर काढायचं, पुन्हा बघायचं. जोर द्यायचा नाही. त्या हुडीच्या दिवशी मी जोर दिला होता.

याहूनही चांगलं म्हणजे ठेवायची वेळच कमी आणायची. मी सकाळी पिस्तूल टेबलावरच होल्स्टरमध्ये बसवते आणि मग होल्स्टरसकट कमरेला लावते. रात्री होल्स्टरसकटच काढते आणि तसंच तिजोरीत ठेवते. दिवसभर त्याला हात लावत नाही, चाचपत नाही. तुम्हाला विचारायला संकोच वाटेल म्हणून मीच सांगते, दुकानाच्या शौचालयातही ते काढून फ्लशच्या टाकीवर किंवा खुंटीवर ठेवायचं नाही. विसरून बाहेर येणारे खूप आहेत. होल्स्टरमध्येच, पँटला तसंच राहू द्यायचं आणि पट्टा गुडघ्यांशी एका हातानं धरायचा.

तुमचा नातू सहा वर्षांचा आहे. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली मुलांना सापडत नाही असं काहीच नसतं. तिजोरीशिवाय पिस्तूल घरात आणू नका, एवढी माझी विनंती आहे.

साडी नेसते त्या दिवशी मी पिस्तूल लावत नाही. परकराच्या नाडीवर होल्स्टर टिकत नाही, आणि पोटाला गुंडाळायच्या लवचीक पट्ट्यांवर, आत कडक कवच नसेल तर, माझा विश्वास नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला, देवळात मी ते घरीच ठेवून येते. शाळा, पोस्ट ऑफिस इथे तर कायद्यानंच बंदी आहे. दुकानांच्या दारावर 30.06 आणि 30.07 चे, म्हणजे पिस्तूल आत आणायला मनाई करणारे, फलक बघायची सवय लावा, बारच्या दारावरचा 51 टक्क्यांचा, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून असलेल्या जागी पिस्तुलाला बंदी सांगणारा, लाल फलकही. दिवसात तीन ठिकाणी गाडीत काढून ठेवावं लागणार असेल, तर त्या दिवशी नेऊच नका. गाडीतून पिस्तुलं चोरीला जातात, आणि प्रत्येक वेळी काढताना-लावताना ते हाताळावं लागतं ते वेगळंच.

आता काय करायचं, तर अजून काही मागवू नका. येत्या रविवारी दुपारी घरी या. रोज घालता ती पँट, तुमचा पट्टा आणि दुकानात घालता ते जॅकेट आणा, नाडी असली तर तशीच राहू दे, इथे कात्री आहे. पिस्तूल आणू नका. माझ्याकडे सरावाचं निळं प्लास्टिकचं आहे आणि चार वेगवेगळी होल्स्टर आहेत, प्रत्येक लावून गाडीत बसून बघू.